काळी रिंग

आमच्या संस्थेत त्याला सगळे टोककाका म्हणायचे. खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि ते आस्थापनेच्या कारकुनाशिवाय कुणाला आठवत नसे. सोन्याच्या तारेला टोक काढणं हे त्याचं काम. तार म्हणजे दोन-तीन केस एकत्र वळावेत एवढी जाड. एका हातात चिमटा, दुसऱ्यात कटर. तार ताणत ताणत तिरकी तोडायची, म्हणजे ती कापली जाते कमी आणि फाटते जास्त. फाटलेल्या जागी जे टोक निघतं, त्याच्या अगदी शेवटी मोजके अणू उरतात. हे काम यंत्राला जमत नव्हतं. शिकलेल्यांनाही जमत नव्हतं. टोककाका आधी घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला जमत होतं.

"मी अणूंचा न्हावी," तो म्हणायचा. "गिऱ्हाईक कुरकुर करत नाही, एवढंच सुख."

मी त्याच संस्थेच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. टोककाकाच्या प्रयोगशाळेला लागणारे पितळी, स्टीलचे भाग मी करून द्यायचो. दुपारी आम्ही दोघं वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर डबा खायचो. अठ्ठावीस वर्षं. एवढ्या वर्षांत तिथे नक्की काय चालतं ते मला समजावून सांगणारा तो एकटाच.

ते टोक सोन्याच्याच एका पत्र्यावर हलकेच टेकवायचं आणि हळूहळू वर उचलायचं. सोनं चिकट, ते लगेच सुटत नाही. मधे बारीक मान तयार होते, ती बारीक बारीक होत जाते, आणि तिच्यातून वाहणारी वीज पायऱ्या उतरल्यासारखी कमी होते. शेवटची पायरी एका अणूची. ती जगात कुठेही करा, तेवढीच येते. मग मान तुटते आणि वीज बंद. पण त्या सोन्यावर जर औषधाचं पाणी असेल, म्हणजे ज्याची परीक्षा करायची त्या रेणूंचं द्रावण असेल, तर एखादा रेणू त्या फटीत येऊन दोन्हीकडे हात धरतो. रेणूच्या दोन्ही टोकांना मुद्दाम गंधक लावलेलं असतं, कारण गंधक सोन्याला घट्ट धरतं. तसं झालं की आणखी एक पायरी दिसते, फार खालची. ती त्या एकट्या रेणूची वीज.

"एकदा दिसली तर काही खरं नाही," टोककाका सांगायचा. "दहा हजार वेळा टेकव, दहा हजार वेळा उचल, आणि त्याच जागी आकड्यांचा ढीग पडला तर खरं."

खालून ट्रक गेला की ढीग विस्कटायचा. लिफ्ट चालू झाली की विस्कटायचा. "लिफ्टला ढेकर आला," असं म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. कधी वैतागलेला मी पाहिला नाही.

आता त्या प्रयोगशाळेच्या सरांबद्दल. सर हुशार होते आणि कष्टाळू होते, हे आधी सांगायला हवं. त्यांनी एक रेणू बनवून घेतला होता. कमी व्होल्टेजला तो अगदी थोडी वीज जाऊ द्यायचा, पण व्होल्टेज एका ठराविक आकड्यापलीकडे नेलं की वीज एकदम शंभरपट व्हायची आणि तशीच राहायची. म्हणजे एका रेणूचं बटण. लेख छापून आल्यावर सरांचं नाव झालं. बाहेरून पाहुणे आले, नवा मजला मिळाला, नवी यंत्रं आली. टोककाकाला एक शाल आणि टाळ्या मिळाल्या. त्याच्या बायकोने ती शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "आमच्या ह्यांच्या टोकाची आहे."

त्यानंतर ते बटण पुन्हा कुणालाच दाबता आलं नाही.

बाहेरच्या दोन प्रयोगशाळांनी कळवलं की आम्हाला रेणूची पायरी दिसते, पण दुसऱ्याच जागी, आणि उडी दिसत नाही. सरांनी उत्तर पाठवलं की तुमचा हात बसलेला नाही. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याने वर्षभर डोकं आपटून विषय बदलून घेतला. मग ती मुलगी आली.

बारीक चणीची, चष्म्यातली, बोलायला कमी. तिचं सगळं संशोधन त्या बटणाच्या पुढच्या पायरीवर उभं होतं, म्हणजे बटण आहे हे धरूनच चालायचं होतं. टोककाकाने तिला टोकं काढायला शिकवलं. तीन महिन्यांत तिची टोकं त्याच्या टोकांच्या बरोबरीने चालायला लागली. "माझ्यापेक्षा चांगला हात आहे," तो मला म्हणाला. "मी फक्त तोंडावर सांगत नाही, नाहीतर मला घरी पाठवतील."

तिचे ढीग स्वच्छ यायचे. पण उडी येत नव्हती. दर आठवड्याच्या बैठकीत सर सगळ्यांसमोर विचारायचे, "आली का?" ती म्हणायची, "नाही सर." सर म्हणायचे, "काचा नीट धुता का? हात स्वच्छ असतात का तुमचे? जे एकदा झालं ते पुन्हा होणारच. चूक रेणूची नाही." तिसऱ्या वर्षी तिने दोन-दोन हातमोजे घालायला सुरुवात केली. चौथ्या वर्षी ती हात इतके धुवायची की बोटांच्या सांध्यांवर भेगा पडून रक्त यायचं. टोककाकाने तिला मलम आणून दिलं. तिने ते लावलं नाही. मलमाचा अंश काचेला लागेल म्हणून.

त्याच वर्षी जानेवारीत जुनी कपाटं रिकामी करायचं फर्मान निघालं. एका खोक्यात टोककाकाला जुनी वाटी सापडली. वाटी म्हणजे ज्यात ते द्रावण ठेवतात तो छोटा कप. खाली सोन्याचा पत्रा, वर कप, आणि मधून गळू नये म्हणून एक रिंग. ती रिंग नेहमी पांढरी असायची, टेफ्लॉनची, बाहेरून मागवलेली. या जुन्या वाटीत काळी होती.

त्याला आठवलं. मलाही आठवलं असतं, विचारलं असतं तर. नऊ वर्षांपूर्वी पांढरी रिंग चिरली होती आणि नवीन यायला काही महिने लागणार होते. तो माझ्याकडे आला होता. माझ्या खणात पाण्याच्या पंपाच्या रबरी रिंगा होत्या. त्यातली एक मी मापाला बसवून दिली होती. त्याने ती स्पिरिटमध्ये उकळून घेतली होती. आठ महिने तीच चालली. सरांचे सगळे आकडे त्याच आठ महिन्यांतले.

रबर टणक करायला त्यात गंधक घालतात. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. दोघांच्याही डोक्यात तेव्हा आलं नाही.

अकरा तारीख सलग सुट्ट्यांमध्ये आली होती. इमारत रिकामी, लिफ्ट बंद. टोककाकाने मला सकाळी दहा वाजता फोन करून बोलावून घेतलं. त्याने काळी रिंग घातलेली वाटी यंत्रात बसवली होती. आत नुसतं शुद्ध द्रावक, म्हणजे रेणू ज्यात विरघळवतात ते. रेणू नाही, काही नाही.

"बस," तो म्हणाला. "टेकव-उचल चालू आहे. दोन तासांत दिसेल."

पडद्यावर रेघा एकावर एक पडत होत्या. बाराच्या सुमाराला ढीग दिसायला लागला. टोककाकाने टेबलावर सरांचा छापील लेख उघडून ठेवला होता. त्यातल्या आकृतीवर बोट ठेवून त्याने पडद्यावर बोट ठेवलं. ढीग त्याच जागी. मग त्याने व्होल्टेज वाढवत नेलं. ठराविक आकड्याला वीज शंभरपट झाली.

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे ते बटण तुझ्या पंपाच्या रिंगचं आहे."

तो हसला नाही. मीही हसलो नाही. त्याने खुर्ची मागे सारली आणि छापील लेख मिटला. मग म्हणाला, "त्या पोरीने चार वर्षं स्वच्छ काम केलंय रे. तिला दिसत नव्हतं, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच."

पुढच्या आठवड्यात तीनदा खात्री करून तो सरांकडे गेला. काय झालं ते त्याने मला पायरीवर सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?" टोककाकाने माझं नाव घेतलं नाही. म्हणाला, "कुणालाच नाही."

"मला थोडा वेळ द्या. हे मी माझ्या पद्धतीने निस्तरतो. आत्ता आढावा समिती येतेय, या मजल्यावरच्या वीस माणसांच्या नोकऱ्या तिच्यावर अवलंबून आहेत."

"त्या मुलीला सांगायला हवं, सर."

"सांगतो ना. मीच सांगतो." आणि टोककाका दारापर्यंत गेल्यावर सरांनी मागून विचारलं, "काका, तुमच्या मिसेसचं डायलिसिस चालू आहे ना अजून? तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे. काळजी करू नका."

सर धमकी देत होते की धीर, हे मला आजही सांगता येत नाही. टोककाकालाही येत नव्हतं. पण त्याची निवृत्ती मार्चमध्ये होती, आणि मुदतवाढ मिळाली नसती तर संस्थेच्या दवाखान्याची सोय बंद झाली असती. बायकोला आठवड्यातून तीनदा न्यावं लागायचं. मूलबाळ नाही. दोघंच.

तो गप्प राहिला.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मुदतवाढ मिळाली. समिती येऊन गेली. सरांनी मुलीला काही सांगितलं नाही. एप्रिलच्या बैठकीत त्यांनी तिला पुन्हा विचारलं, "आली का?" टोककाका तिथेच मागे उभा होता. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

मी म्हणालो, "तू सांग तिला. तिला बाजूला घे आणि सांग."

"ती उद्या सरांना जाऊन विचारेल. सर मला विचारतील. मग आमच्या हिला डायलिसिसला कुठे घेऊन जाऊ?"

"मग मी सांगू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि रिंग कुणी दिली म्हणून विचारलं तर?"

मी खरंच विचार केला, आणि मीही गप्प राहिलो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

तीन जूनला मुलीने प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. टोककाकाला म्हणाली, "काका, येते मी. माझ्या हातात नाही हे काम." तो म्हणाला, "थांब ना पोरी थोडे दिवस." ती म्हणाली, "किती थांबू? घरी आई-बाबांना तोंड दाखवायला लाज वाटते. त्यांना वाटतं मी लक्ष देत नाही." चार वर्षांचं काम सोडून ती गेली. पदवी नाही, कागद नाही. तिच्या खणात हातमोज्यांची अख्खी पेटी शिल्लक होती.

टोककाकाची बायको ऑक्टोबरात गेली. एका सकाळी दवाखान्यात, यंत्राला जोडलेली असतानाच. मला ती भाऊजी म्हणायची. जायच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेलो तेव्हा मला म्हणाली, "भाऊजी, हे हल्ली बोलत नाहीत. झोपेत मात्र आकडे म्हणतात. तिकडे काही झालंय का?" मी म्हणालो, कामाचा ताण आहे. तिचा विश्वास बसला नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिने पुढे विचारलं नाही.

तेराव्या-चौदाव्या दिवशी टोककाका कामावर आला आणि संध्याकाळपर्यंत त्याने एक पत्र लिहिलं. संस्थेतल्या एका कारकुनाकडून त्यातलं इंग्रजी नीट करून घेतलं. ज्या मासिकात लेख छापून आला होता त्यांना एक प्रत, संचालकांना एक, सरांना एक. सोबत काळ्या रिंगच्या सगळ्या ढिगांचे आलेख.

मी म्हणालो, "धीर केलास."

"धीर कसला? बायको गेल्यावर लिहिलं. याला धीर म्हणत नाहीत."

चौकशी समिती बसली. टोककाकाची एक डायरी होती. कुठल्या दिवशी कुठलं टोक काढलं, काय बदललं, याची रोजची नोंद. नऊ वर्षांपूर्वीच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: रिंग बदलली, काळी बसवली. खाली सरांची सही. सर दर शुक्रवारी डायरीवर सही करायचे, पान न वाचता. समिती म्हणाली, ही सही हजेरीची समजावी, मजकुराची नव्हे.

"रिंग कुठून आणली?" त्यांनी टोककाकाला विचारलं.

"कपाटात पडली होती," तो म्हणाला.

मला कुणी बोलावलंच नाही. मीही आपणहून गेलो नाही. त्या दिवशी दुपारी आम्ही पायरीवर बसलो, तेव्हा मी म्हणालो, "माझं नाव घ्यायचं होतंस." तो म्हणाला, "घेऊन काय? दोघं बुडालो असतो. एकाने बुडणं पुरे."

वर्षभराने लेख मागे घेतला गेला. चार ओळींची सूचना छापून आली. तांत्रिक कर्मचाऱ्याने पूर्वसूचना न देता बदललेल्या सुट्या भागामुळे निष्कर्ष दूषित झाले, असं त्यात होतं. सरांची दुसऱ्या विभागात बदली झाली. तिथे ते आजही आहेत, तब्येत बरी नसते म्हणतात. टोककाकाची मुदतवाढ संपली ती संपली. निरोप समारंभ झाला नाही. त्याची कटर आणि चिमटा संस्थेच्या मालकीचे होते, ते त्याने मोजून परत केले.

एका शनिवारी तो माझ्या घरी आला. म्हणाला, "तिच्या गावी जायचंय. येतोस?"

ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकान अरुंद, काउंटरच्या मागे भिंतभर फ्रेमा. आम्ही आत गेलो तेव्हा ती एका म्हाताऱ्या बाईच्या फ्रेममध्ये काच बसवत होती. स्क्रू तांदळाच्या कणीएवढा. तिने तो एका दमात जागेवर बसवला. सांध्यांवरच्या भेगा बुजल्या होत्या, त्यांच्या पांढऱ्या खुणा तेवढ्या होत्या. बाई गेल्यावर तिने आम्हाला ओळखलं. बसायला स्टूल दिलं.

टोककाका बसला नाही. उभ्याउभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. रिंग, गंधक, ढीग, पत्र, मासिकातली सूचना. तिने सूचना वाचली नव्हती. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं काम बरोबर होतं."

"पहिल्या दिवसापासून. तुझ्यासारखा हात मी पाहिला नाही."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. क्षणभर वाटलं की ती हसेल. मग तिने विचारलं, "काका, तुम्हाला कधी कळलं?"

तो खोटं बोलू शकला असता. मी मनात म्हणत होतो, बोल. त्याने सांगितलं, "अकरा जानेवारी."

"कुठल्या वर्षी?"

"तू सोडून गेलीस त्याच."

तिने बोटांवर मोजलं नाही, पण ती मोजतेय हे कळत होतं. "म्हणजे मी अजून तिथे होते. जवळजवळ पाच महिने. तुम्ही रोज माझ्या शेजारी बसून टोकं काढत होतात."

"हो."

"त्या बैठकीत मागे उभे होतात."

"हो."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाळ, रिंग मी दिली होती. त्याची चूक नाही."

ती माझ्याकडे वळली. "रिंगचं काय घेऊन बसलात? रिंग कुणीही देईल. कुणाला कळणार होतं?" आवाज चढला नव्हता. "मी हात धुवून धुवून रक्त काढत होते आणि तुम्हा दोघांना माहीत होतं."

टोककाकाने बायकोबद्दल एक शब्द काढला नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्याने माझा दंड दाबला. सांगितलं असतं तर तिला समजून घ्यावं लागलं असतं, आणि ते तो तिच्याकडून मागायला आला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "संस्था तुला परत घ्यायला तयार आहे. मी संचालकांना भेटलोय. नवा विषय देतील."

"नको."

"विचार कर."

"मी तिथली पायरी चढू शकत नाही, काका. खरंच सांगते. परवा भावाने पेपरात तसल्याच एका यंत्राची बातमी दाखवली, तर मी उठून हात धुवायला गेले."

दारात गिऱ्हाईक आलं. तिने त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मग काउंटरखालून नंबर लिहायचं एक कार्ड काढलं, उलटं केलं आणि पेनसकट टोककाकापुढे सरकवलं. "एक काम करा. लिहून द्या. माझ्या कामात चूक नव्हती, आणि हे तुम्हाला कुठल्या तारखेला कळलं, ते. खाली सही."

"कुणाला द्यायचंय?"

"आई-बाबांना दाखवायचंय."

त्याने लिहिलं. ज्या हाताने अठ्ठावीस वर्षं अणू कातरले त्या हाताने तारीख आकड्यांत लिहिली आणि खाली अक्षरांतही. तिने कार्ड वाचलं, तारीख पुन्हा एकदा वाचली आणि चष्म्याच्या रिकाम्या डबीत घालून पिशवीत ठेवलं. आम्हाला निरोप द्यायला ती काउंटरबाहेर आली नाही. "जपून जा," म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. अर्धा रस्ता संपल्यावर म्हणाला, "बरं झालं तिने माफ केलं नाही."

"असं का म्हणतोस?"

"माफ केलं असतं तर मी घरी जाऊन झोपलो असतो."

स्टँडवर उतरल्यावर मी माझ्या वाटेने निघालो, तेव्हा त्याने हाक मारली. घरात दवाखान्यातली खाट आहे, डोक्याकडून वर उचलता येते ती. बायकोसाठी घेतलेली. खालच्या मजल्यावर एका माणसाला अर्धांगवायू झालाय, त्याच्या मुलीने विचारलं होतं. एकट्याला ती जिन्यातून उतरवता येत नाही.

आम्ही गेलो. गादी गुंडाळून बाजूला ठेवली. खाट आडवी केली तरी जिन्याच्या वळणावर दोनदा अडकली. तो खालून, मी वरून. "तुझ्याकडून थोडं उचल," तो म्हणाला. मी उचललं. खालच्या मजल्यावरची मुलगी दार उघडं धरून उभी होती.